नळाची उलटी आणि माझी हरकत

दिनांक ११ ऑगस्ट २०२४, रविवार. दांडिया बाजार मराठी मित्रसंघाच्या कार्यकारिणीने असे ठरवले की, ह्या वर्षीच्या स्मरणिकेतील ‘आपल्यातली माणसे’ ह्या सदरात सौ. नीरजा खानविलकर ह्यांचा परिचय छापावा आणि तो मी लिहावा. ह्या ठरावास माझी हरकत होती. ती मी उभा राहून सांगितली. इतिवृत्तात ती आलेली नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

हरकत ह्यासाठी, की ज्या कामाबद्दल नीरजाबाईंना संघातर्फे शाल मिळणार आहे, ते काम मी उभे केले. महीकाठ प्रादेशिक जलसेवेत, म्हणजे आमच्या कचेरीत, घराघरांतले वापरलेले पाणी उलट फिरून मुख्य वाहिनीत शिरू नये म्हणून जो कार्यक्रम चालतो, त्याची कल्पना माझी, आराखडा माझा आणि त्याचे पहिले नावही माझे. हे सर्व मी सभेत सांगितले. स्मरणिकेचे संपादक दिग्विजय शिर्के ह्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारले, “ते झालं. पण लक्ष्मीकांतराव, नीरजाताईंच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं कोण बसलं?”

“मी.”

“मग तुमच्याइतकं जवळून त्यांना दुसऱ्या कोणी पाहिलंय?”

सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. तेव्हा लिहितो, आणि जे पाहिले तेवढेच लिहितो.

नीरजाबाईंचा जन्म दांडिया बाजारातला. आजोबा संस्थानी अमलात दप्तरात होते, वडील प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर. बाईंनी बडोद्यातच गृहविज्ञानाची पदवी घेतली. ती पदवी कमी दर्जाची आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात वाहिनीतला दाब कसा मोजावा हे शिकवत नाहीत, एवढेच म्हणतो. मी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी ह्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. त्यांचे यजमान रिफायनरीत पाळीने कामाला जातात. लग्नानंतर काही वर्षे घर सांभाळून त्या आमच्याकडे ग्राहक संपर्क विभागात लागल्या. नीरजा म्हणजे पाण्यातून जन्मलेली. आमच्या खात्यात येण्यास एवढी पात्रता पुरेशी मानली गेली असावी, असा मला अधूनमधून संशय येतो.

आमची टेबले शेजारी होती तेव्हाचे चित्र सांगतो. नीरजाबाई कचेरीत येण्याआधी त्यांचा आवाज येतो. जिन्यावर शिपायाशी गुजरातीत, मधल्या दारात सफाईवाल्याशी हिंदीत, आणि माझ्यापाशी पोचताच मराठीत: “काय लक्ष्मीकांतराव, आज कोणावर रागावलात?” ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कधीच नको असते. पर्स टेबलावर पडते, खुर्ची करकरते आणि पाच मिनिटांत त्यांच्याभोवती तीन माणसे उभी असतात. माझ्या टेबलाशी कोणी उभे राहते, ते त्यांच्या टेबलाशी जागा नसते म्हणून.

त्यांची एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कोणाच्याही घरी कामाला गेल्या, की उंबऱ्यातूनच म्हणतात, “बेन, पहेलां पाणी पिवडावो.” आधी पाणी पाजा. तहान लागलेली असो वा नसो. घरातली बाई तांब्या आणायला वळते आणि नीरजाबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात. पाणी माठातले की पिंपातले, पिंप कोण भरते, नळी कुठली, हे सगळे तो पेला रिकामा होईपर्यंत त्यांना कळलेले असते. ही शास्त्रीय पद्धत नव्हे. मी स्वतः तपासणीला जाताना घरून उकळलेल्या पाण्याची बाटली नेतो. ज्या पाण्याची शुद्धता अजून सिद्ध झालेली नाही ते पिऊ नये, हा माझ्या विषयातला पहिला धडा आहे.

आता मूळ प्रकरण. घडियाळी पोळ ह्या जुन्या वस्तीच्या गल्लीतून तक्रार आली की नळाच्या पाण्याला साबणाचा वास येतो. क्लोरीन तपासून झाले, वाहिनी फुटली आहे का ते पाहून झाले, काही सापडेना. कारण शोधले ते मी. त्या दिवशी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद होता. एका घरात नळाला लावलेली रबरी नळी कपडे भिजवलेल्या टबात बुडालेली राहिली. पलीकडच्या घराने मोटर थेट वाहिनीला जोडून ठेवलेली होती. तिने रिकाम्या वाहिनीतून ओढायला सुरुवात केली. टबातले पाणी नळीतून वर चढले, वाहिनीत उतरले आणि शेजाऱ्याच्या माठात जाऊन बसले. त्या दिवशी साबण होता. एखाद्या दिवशी रंगाईच्या कारखान्यातले रसायन असेल, एखाद्या दवाखान्याच्या मोरीतले पाणी असेल.

ह्यावर उपाय दोनच. नळाचे किंवा नळीचे तोंड भरलेल्या भांड्याच्या काठाच्या वर, हवेत राहिले पाहिजे. आणि प्रत्येक जोडणीवर अशी झडप हवी, जी पाण्याला आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. ती झडप दर वर्षी तपासली पाहिजे, कारण क्षार साचून ती उघडीच अडकते आणि मग असून नसल्यासारखी होते. जास्त धोक्याची ठिकाणे आधी, घरे नंतर, असा क्रम लावून मी आराखडा लिहिला. त्याला नाव दिले: प्रतिप्रवाह-प्रतिबंध कार्यक्रम. ह्या नावात एकही अक्षर अनावश्यक नाही.

मुख्य अभियंता भट्टसाहेबांनी आराखडा वाचला, मान डोलावली आणि नावावर बोट ठेवले. “लक्ष्मीकांतभाई, आ नाम पूरुं थाय त्यां सुधी तो टांकी भराई जाय.” म्हणजे हे नाव उच्चारून होईपर्यंत टाकी भरेल. त्यांनी ते खोडून ‘ऊलटो प्रवाह निवारण केन्द्र’ असे लिहिले आणि पाणीगेटच्या आमच्या उपकचेरीवर तसा कापडी फलक लावायला सांगितले. पेंटरला मजकूर मी फोनवरून सांगितला, स्पष्ट उच्चारात.

दुसऱ्या दिवशी उपकचेरीवर फलक होता: ‘ऊलटी निवारण केन्द्र’.

मी पेंटरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, कापड टूंकुं पड्युं. ‘ऊलटो प्रवाह’ एटले ऊलटी ज ने? भावार्थ तो एक ज छे.” कापड कमी पडले, आणि भावार्थ एकच. उन्हाळ्याचे दिवस होते, घरोघर पोटे बिघडलेली होती, आणि उलटी ह्या शब्दाचा अर्थ मराठीत आणि गुजरातीत दुर्दैवाने सारखाच आहे. मी पाणीगेटला पोचलो तेव्हा दारात रांग लागली होती. कडेवर मुले घेतलेल्या बाया, हातात रिकामी बाटली घेतलेले एक वृद्ध गृहस्थ, आणि रांगेत पुढून दुसऱ्या, छत्री टेकून उभ्या असलेल्या, आपल्या संघाच्या इंदिराबाई मोहिते.

मी पायरीवर उभा राहिलो आणि शुद्ध गुजरातीत खुलासा केला की हे केंद्र ‘वमन’ ह्या विकारासाठी नाही.

“वमन एटले?” कोणीतरी विचारले.

“वमन एटले ऊलटी,” मागून उत्तर आले.

“तो बराबर जग्याए आव्या छीए!” म्हणजे योग्य ठिकाणीच आलो आहोत. रांग आणखी पुढे सरकली.

मी वाहिनीतला दाब समजावू लागलो. इंदिराबाईंनी छत्री जमिनीवर आपटली. “अहो लक्ष्मीकांत, औषध द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. उन्हात उभं करून व्याख्यान कसलं देता?”

तेवढ्यात रिक्षातून नीरजाबाई उतरल्या. त्यांनी फलक वाचला. एकदा रांगेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि त्या तिथेच पायरीवर बसून हसू लागल्या. इतक्या हसल्या की रांगेतल्या बायाही कारण ठाऊक नसताना हसायला लागल्या. मग डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, “हा बेन, ऊलटीनी ज दवा छे. पण तमारी नहीं, नळनी ऊलटी!” औषध उलटीचेच, पण नळाच्या. मग इंदिराबाईंकडे वळून मराठीत: “काकू, पोटात गेलेलं उलटं वर आलं तर काय म्हणता?”

“उलटी. त्यासाठीच तर आले. सुनेला सकाळपासून थांबत नाहीये.”

“आणि नळानं तुमच्या पिंपातलं पाणी उलटं ओढून शेजारणीच्या हंड्यात ओतलं तर?”

इंदिराबाई थबकल्या. “म्हणजे माझं पाणी त्या बयेच्या घरी?”

“आणि तिचं तुमच्या घरी.”

“अगं, तिच्या बादलीत तर पायपुसणी भिजत पडलेली असतात!”

“तेच तर म्हणते. तुमची नळी पिंपात बुडलेली असते की वर?”

इंदिराबाईंनी पदर कमरेला खोचला. छत्री उचलली आणि निघाल्या. नीरजाबाईंनी त्यांना मागून हाक मारली, “काकू, सुनेच्या उलट्यांसाठी आमचं केंद्र नाही चालायचं. तिला बाईडॉक्टरकडे न्या, आणि येताना पेढे आणा!”

हे सगळे गुजरातीत पुन्हा एकदा झाले, अधिक हातवारे करून. अर्ध्या तासात रांग मोडली. बाया घरी गेल्या त्या नळ्या वर काढायला. मी महिनोन्‌महिने आकृत्या काढून जे समजावू शकलो नाही, ते एका चुकीच्या फलकाने आणि एका बाईच्या हसण्याने झाले, असे आमच्या कचेरीत तेव्हापासून सांगितले जाते. मला त्यात दुरुस्ती सुचवायची आहे. चूक पेंटरची होती. शोध माझा होता. आणि इंदिराबाईंच्या सुनेला दिवस गेले होते हा निव्वळ योगायोग होता. त्या नातीच्या बारशाला नीरजाबाईंना आग्रहाचे बोलावणे होते. मला नव्हते.

पुढे फलक बदलला नाही. भट्टसाहेब म्हणाले, रहेवा दो, राहू द्या. नीरजाबाई पोळीपोळींतून हिंडू लागल्या. पाणी मागायचे, स्वयंपाकघरात शिरायचे, नळी दाखवायची, उलटीचा विनोद करायचा. बाया झडप बसवून घ्यायला स्वतः येऊ लागल्या. कारण एकदा नळाला उलटी होते म्हटल्यावर ती आपल्या दारी व्हावी असे कोणालाच वाटत नाही. बाईंचे सांगणे नेहमी अचूक असे असेही नाही. झडप “ढेकर देते” असे त्या सांगत. झडप ढेकर देत नाही. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिले. त्या म्हणाल्या, “मग ती टक्‌ करून वाजते ते काय?” मी सांगितले, पाते बसल्याचा आवाज. त्या म्हणाल्या, “तुम्ही त्याला पाते म्हणा, मी ढेकर म्हणते. ऐकू आलं म्हणजे झालं.” दांडिया बाजारात आता लोक ढेकर ऐकूनच झडप चालू असल्याची खात्री करतात. खेदाने नमूद करतो, की ती तपासणी बऱ्याच अंशी बरोबर ठरते.

मग स्वतंत्र कक्ष स्थापन करण्याचे ठरले. कक्षप्रमुख कोण, ह्याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. कोणाच्या मनात असेल असे वाटलेही नव्हते. आदेश निघणार त्या सकाळी मी लिला, म्हणजे ओल्या चेवड्याचा मोठा पुडा घेऊन कचेरीत गेलो आणि तो टेबलावर ठेवला. दुपारी भट्टसाहेब आले, आदेशाचा कागद वाचला आणि म्हणाले, “अभिनंदन, नीरजाबेन!” टाळ्या झाल्या. मला त्याच आदेशात ‘क्षेत्रीय तपासणी’ देण्यात आली होती. मग साहेबांची नजर माझ्या टेबलावरच्या पुड्याकडे गेली. “अरे वाह, नीरजाबेन तरफथी चेवडो!” म्हणजे नीरजाबाईंकडून चेवडा. त्यांनी तो फोडला आणि स्वतः सगळ्यांना वाटला. नीरजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना कळले होते, ह्याची मला खात्री आहे. त्यांनी एक मूठ घेतली, खाल्ली आणि म्हणाल्या, “छान आहे हो. कुठून आणलात?”

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

प्रमुख झाल्यापासून त्यांचे हिंडणे बंद झाले. बैठका, परवानग्या, रंगाईच्या कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या मालकांशी बोलणी. तेही त्या चांगले करतात असे ऐकतो. झडपांच्या वार्षिक तपासणीसाठी दारोदार जायचे ते मी. आणि येथून माझी खरी तक्रार सुरू होते.

दारे उघडत नाहीत.

घडियाळी पोळीत मी घंटी वाजवतो. वरच्या खिडकीतून प्रश्न येतो, “ऊलटीवाळां बेन नथी आव्यां?” नाही, मी आलो आहे. “तो पछी आवजो.” मग नंतर या. खिडकी बंद. तिथल्याच एका घरी कोणी नव्हते, दुसऱ्या घरी पूजा चालू होती, तिसऱ्या घरी मी मीटर कापायला आलो आहे असा समज झाला. दांडिया बाजारात तरी आपली माणसे ओळखतील म्हणून आलो. इंदिराबाईंनी साखळी न काढता दार किलकिले केले.

“तुम्ही होय. नीरजेला पाठवा.”

“ती आता प्रमुख आहे. तपासणी मी करतो.”

“करा हो, करा. पण ती आली की बसते, पाणी पिते, घरचं विचारते. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून आपल्या बाटलीतलं पिता. आमचं पाणी तपासायला आलेला माणूस आमचंच पाणी पीत नाही, तर आम्ही काय समजायचं? विष आहे म्हणून?”

दार बंद झाले. आतून नातीचा हसण्याचा आवाज येत होता.

मी त्याच संध्याकाळी नीरजाबाईंच्या दालनात गेलो. दालन आता वेगळे आहे, खिडकी सूरसागर तलावाच्या दिशेला. मी म्हणालो की घरात प्रवेश करण्याची सक्ती करणारा नियम तुम्ही मंजूर करून घेतला नाहीत, तो घ्या.

“सक्ती करून कोण झडप दाखवतं, लक्ष्मीकांतराव? पोलिस घेऊन जाणार आहात का पाणीगेटला?”

“तुमच्या विनोदावर हा कार्यक्रम उभा आहे. तुम्ही नसाल तेव्हा तो पडेल.”

“म्हणून तर तुम्हाला दिलाय.”

“मला कोणी दार उघडत नाही.”

त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “ती बाटली घरी ठेवा ना.”

मी सांगितले की तो आरोग्याचा नियम आहे.

“नियम झडप बसायच्या आधीचा. आता तुम्हीच बसवलेली झडप आहे ना तिथे? की तुमचाच तिच्यावर विश्वास नाही?”

 मग मी जे कितीतरी दिवस विचारायचे होते ते विचारले: फलकाचे ते काम तुमचे तर नव्हते? पेंटरला तुम्ही फोन केला होता का?

त्या पुन्हा हसल्या, पाणीगेटच्या पायरीवर हसल्या होत्या तशाच. “शप्पथ! एवढी अक्कल असती तर तुमच्याआधी आराखडाच नसता का लिहिला?” आणि मग, हसू थांबल्यावर: “आराखडा तुमचा आहे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. कोणी लिहून घेत नाही, त्याला मी काय करू?”

त्या तसे सांगतात की नाही हे मला ठाऊक नाही. मी त्या बैठकांना नसतो.

शाल त्यांना मिळो. परिचय हाच समजावा. ह्याहून अधिक गोड मला लिहिता येणार नाही. पण परिचयाला मान्यता देणाऱ्या ह्याच सभासदांच्या घरांत आज तपासणीविना पडलेल्या झडपा आहेत. गेल्या पंधरवड्यात घडियाळी पोळीत एक दार मला उघडले गेले, आणि त्या एका घरातली झडप उघड्या अवस्थेत अडकलेली सापडली. शेजारच्या घरात पुन्हा साबणाचा वास येत होता. ती शेजारीण नीरजाबाईंची वाट पाहत होती. नीरजाबाई येणार नाहीत. माझ्याखेरीज दुसरे कोणी नेमलेले नाही.

गणपती बसले की आठवडाभराने मी दांडिया बाजारातून तपासणी सुरू करीन. वाचकांना माझे मागणे इतकेच: घंटी वाजली आणि दारात मी उभा असलो, तर ‘बेन का नाही आल्या’ असे विचारू नका. दार उघडा. पिंपाची नळी वर काढून ठेवा. आणि घरात घेतल्यावर आधी पाणी विचारा. मी बाटली आणणार नाही.